बर्फावरील हॉकीपटूची कारकीर्द आणि तिचे मोल

श्रोतेहो, 'हॉकी' हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान, टोकाशी वळलेली काठी आणि पांढरा चेंडू उभा राहतो. ध्यानचंदांचे नाव ज्या घरात ठाऊक नाही असे घर आपल्याकडे विरळाच. परंतु कॅनडा देशात हाच शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या मनात गोठलेले तळे येते. तेथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. आपल्या हॉकीचा उल्लेख करावयाचा झाला, तर 'मैदानी हॉकी' असा निराळा शब्द त्यांना योजावा लागतो. आपल्या देशातही लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तलावांवर हा खेळ आवडीने खेळला जातो. पण तो खेळून पोट भरणाऱ्या माणसांची मोठी वस्ती आहे ती उत्तर अमेरिकेत. असा मनुष्य आपले आयुष्य कसे काढतो, त्याच्या श्रमाचे मोल कोण ठरवितो, आणि ते मोल त्याला स्वतःला केव्हा कळते, याचा विचार आज एका थोर खेळाडूच्या चरित्राच्या आधाराने करावयाचा आहे. त्या खेळाडूचे नाव गॉर्डी हाऊ.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. उत्तर अमेरिकेतील बर्फाचे क्रीडांगण सुमारे दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असते. त्याच्या चारही बाजूंना कमरेइतक्या उंचीची भक्कम फळ्यांची भिंत असते. प्रत्येक पक्षाचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. त्यांपैकी एक गोलरक्षक. पायांत पोलादी पाते बसविलेले बूट, हातात लांब काठी. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते. तिचा व्यास तीन इंच, जाडी एक इंच आणि वजन जेमतेम सहा औंस. तिला 'पक' असे म्हणतात. वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांत सामना खेळला जातो. वेग इतका असतो, की एक खेळाडू पाऊण मिनिट, फार तर मिनिटभर जिवाच्या आकांताने धावतो आणि धापा टाकीत बाकावर येऊन बसतो; खेळ न थांबविता त्याच्या जागी दुसरा उतरतो. शिवाय, ज्याच्यापाशी पक आहे त्याला अंगाने धक्का देणे हे या खेळाच्या नियमांत बसते. फळ्यांच्या भिंतीवर मनुष्य आपटला जाणे ही नित्याची गोष्ट होय. दात पडणे, हाड मोडणे, चेहऱ्यावर टाके पडणे यांचे तेथे कोणाला नवल वाटत नाही.

आता 'व्यावसायिक खेळाडू' या शब्दाकडे वळू. आपल्याकडील जुन्या हॉकीपटूंचा चरितार्थ खेळावर चालत नसे. इंदूरजवळच्या महूचे शंकर लक्ष्मण १९५६, १९६० आणि १९६४ या तिन्ही ऑलिंपिक स्पर्धांत भारताचे गोलरक्षक होते. परंतु त्यांची नोकरी सैन्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होती. कोणी रेल्वेत होते, कोणी पोलीस खात्यात. खेळ हा नोकरीच्या जोडीला होता. व्यावसायिक खेळाडूची गोष्ट वेगळी. खेळ हीच त्याची नोकरी. संघाचा मालक तिकिटे विकतो आणि त्या उत्पन्नातून खेळाडूला वेतन देतो. हे वेतन करारावर ठरते. अर्थात करार कसा आहे, तो कोणत्या वयात झाला आणि सही करणाऱ्यास त्यातले किती समजले, यावर पुढच्या साऱ्या आयुष्याची मांडणी अवलंबून राहते.

गॉर्डी हाऊचा जन्म ३१ मार्च १९२८ रोजी कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात, फ्लोरल नावाच्या लहानशा वस्तीत झाला. तो अगदी तान्हा असतानाच कुटुंब जवळच्या सास्काटून शहरी राहावयास गेले. घरात नऊ भावंडे. पुढील काही वर्षांतच जगभर मंदी पसरली आणि सस्कॅचेवानच्या गहू पिकविणाऱ्या मुलखाला दुष्काळाने ग्रासले. असे सांगतात, की एके दिवशी एक गरजू बाई जुन्या वस्तूंचे पोते घेऊन दाराशी आली. गॉर्डीच्या आईने स्वतःच्या तुटपुंज्या पैशांतून ते विकत घेतले. पोत्यात बर्फावर घसरण्याच्या बुटांचा एक जोड निघाला. एक बूट गॉर्डीने पळविला, दुसरा त्याच्या बहिणीने. काही काळाने दोन्ही बूट त्याच्याकडे आले आणि तेथून त्याचा खेळ सुरू झाला.

शाळेत हा मुलगा मागे पडे. अक्षरे वाचण्यात काही मुलांना जी अडचण येते आणि जिच्याविषयी आज शिक्षकांना पुष्कळ माहिती झाली आहे, ती त्याला होती असे पुढे मानले गेले. त्या काळी अशा मुलाला 'मंद' म्हणून सोडून दिले जाई. वर्गातील अपयशाने तो विलक्षण बुजरा झाला. हा बुजरेपणा लक्षात ठेवावयास हवा. कारण पुढे पैशाच्या बोलण्यात तोच त्याच्या आड आला.

पंधराव्या वर्षी, १९४३ मध्ये, न्यूयॉर्कच्या रेंजर्स संघाने विनिपेग येथे भरविलेल्या निवड-शिबिरात तो गेला. घरची आठवण अनावर होऊन तो परत आला. दुसऱ्या वर्षी डेट्रॉइटच्या रेड विंग्ज संघाने त्याला विंडसर येथील आपल्या शिबिरात बोलाविले. संघाचा व्यवस्थापक जॅक अ‍ॅडम्स याने त्याची ताकद व चपळाई पाहून त्याच्याशी करार केला. आधी गॉल्ट येथील उमेदवारांचा संघ, मग अमेरिकेतील ओमाहा येथील दुय्यम व्यावसायिक संघ, अशा पायऱ्या चढत १६ ऑक्टोबर १९४६ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, नॅशनल हॉकी लीगमधील पहिला सामना तो टोरोंटोविरुद्ध खेळला आणि त्यात त्याने एक गोलही केला. करारावर सही करताना त्याने आग्रहाने मागितली ती संघाची निशाणी असलेले एक जाकीट, अशी त्याच्याविषयी प्रसिद्ध गोष्ट आहे. आणि तेही वेळेवर मिळाले नाही म्हणून त्याला पुन्हा आठवण द्यावी लागली. ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. परंतु कोवळ्या वयाचा मुलगा आणि मुरलेला व्यवस्थापक एका मेजाशी समोरासमोर बसले म्हणजे काय होते, हे तीतून चांगले कळते.

त्या काळची व्यवस्था समजून घेतल्यावाचून पुढील भाग ध्यानात येणार नाही. नॅशनल हॉकी लीग १९१७ मध्ये मॉन्ट्रिऑल येथे स्थापन झाली. १९४२ पासून १९६७ पर्यंत तीत अवघे सहा संघ होते: मॉन्ट्रिऑल, टोरोंटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो आणि डेट्रॉइट. एका संघात वीसच्या आसपास खेळाडू धरले, तर साऱ्या जगात या दर्जाच्या नोकऱ्या सुमारे सव्वाशे. त्या मिळाव्यात म्हणून कॅनडाच्या गावोगावी हजारो मुले बर्फावर झटत असत. मुलगा थोडा चमकला, की एखादा संघ त्याच्याकडून एका छापील कागदावर सही घेई. त्या कागदाला 'सी फॉर्म' असे म्हणत. त्या सहीने मुलाच्या व्यावसायिक खेळाचे हक्क त्या एका संघाकडे जात. पुढे करारातही अशी अट असे, की मुदत संपली तरी खेळाडूवरील हक्क संघाकडेच राहावा. खेळाडूने स्वतःहून दुसरा संघ शोधावयाचा नाही. संघाला मात्र त्याला दुसऱ्या संघाच्या स्वाधीन करण्याची, अथवा दुय्यम संघात धाडण्याची पूर्ण मुभा. बाजारात विकणारा एक आणि घेणारेही एकच, मग वस्तूची किंमत कशी ठरावी? घेणारा म्हणेल ती.

या व्यवस्थेत हाऊ वाढला आणि तिचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उंची सहा फूट, वजन दोनशे पौंडांच्या घरात. बालपणी वडिलांबरोबर बांधकामावर राबून कमावलेले खांदे आणि मनगटे. काठी उजव्या हाताने फिरवावी तशीच तो डाव्यानेही फिरवी. प्रतिपक्षातील दांडगटांना त्याच्या कोपराची धास्ती असे. टेड लिंडसे, सिड एबल आणि हाऊ या त्रिकुटाने डेट्रॉइटला गोलांचा सुकाळ करून दिला.

२८ मार्च १९५० रोजी टोरोंटोविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला अडविण्याच्या प्रयत्नात हाऊ भरवेगाने फळ्यांवर आदळला. कवटीला तडा गेला. मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी शस्त्रवैद्यांना त्याच रात्री कवटीला छिद्र पाडावे लागले. तो जगेल की नाही अशी शंका होती. त्या वेळी तो केवळ बावीस वर्षांचा होणार होता. त्या वर्षी त्याच्या संघाने स्टॅन्ली करंडक जिंकला. आणि पुढच्याच हंगामात हा मनुष्य सत्तरच्या सत्तर सामने खेळून लीगमध्ये गुणांच्या यादीत पहिला आला! या खेळात स्वतः केलेल्या गोलाचा एक गुण आणि दुसऱ्याच्या गोलास साह्य केल्याचा एक गुण, असा हिशेब असतो. हाऊचे गुण त्या हंगामात शहाऐंशी झाले.

या पराक्रमाचे आपण कौतुक करू. पण त्याची दुसरी बाजूही पाहू. व्यावसायिक खेळाडूचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. गिरणीमालकाचे यंत्र मोडले तर तो नवे आणतो. खेळाडूचा गुडघा एकदा निकामी झाला की त्याला दुसरा मिळत नाही. हाऊचे शरीर लोकविलक्षण होते म्हणून तो परतला. त्याच्यासारखे पडून पुन्हा न उठलेले कितीतरी तरुण होऊन गेले. बहुसंख्य खेळाडूंची कारकीर्द थोड्या हंगामांतच आटोपते, आणि तिशीच्या आत-बाहेर त्यांना दुसरा उद्योग शोधावा लागतो. शिक्षण तर खेळापायी बहुधा अर्धवट राहिलेले. त्यामुळे जी काही कमाई व्हावयाची ती या थोड्या वर्षांत, आणि उतारवयाची तरतूद व्हावयाची तीही त्यांतच. वेतन व निवृत्तिवेतन हे प्रश्न खेळाडूच्या दृष्टीने जीवनमरणाचे असतात ते यामुळे.

ही गोष्ट ज्याने ओळखली तो हाऊचाच जोडीदार टेड लिंडसे. खेळाडूंसाठी १९४७ पासून एक निवृत्तिवेतन निधी चालू होता. त्यात खेळाडूंच्या वेतनातून रक्कम जाई. लिंडसे आणि मॉन्ट्रिऑलचा डग हार्वे हे त्या निधीवर खेळाडूंचे प्रतिनिधी होते. निधीचा तपशीलवार हिशेब पाहावयास मागितला, तर तो त्यांना मिळेना. तेव्हा सहाही संघांच्या खेळाडूंना एकत्र करून फेब्रुवारी १९५७ मध्ये त्यांनी खेळाडूंची संघटना उभारल्याचे जाहीर केले. मालकांचे उत्तर तत्काळ आले. लिंडसेचा तो हंगाम उत्तम गेला होता; तरीही त्या उन्हाळ्यात त्याला शिकागो या गुणतक्त्यात तळाशी असलेल्या संघाकडे धाडण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटचे खेळाडू संघटनेतून बाहेर पडले. हाऊ त्या खेळाडूंत होता. संघाचा सर्वांत मोठा खेळाडू लिंडसेच्या पाठीशी उभा राहता, तर कदाचित निराळे घडले असते, असे पुष्कळांचे मत आहे. हाऊ उभा राहिला नाही. १९५८ च्या आरंभी मालकांनी किमान वेतनासारख्या काही मागण्या मान्य केल्या, न्यायालयातील दावा मिटला आणि संघटना विरून गेली.

यासाठी हाऊला भित्रा म्हणावयाचे काय? बर्फावर त्याच्याइतका निर्भय मनुष्य शोधून सापडला नसता. परंतु बर्फावरचे धैर्य आणि कचेरीतले धैर्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅडम्सने त्याला पोरवयात उचलले होते, वाढविले होते. तो वर्षाला थोडीशी वेतनवाढ मागे, ती मिळे, आणि लीगमध्ये सर्वाधिक वेतन आपल्यालाच मिळते या समजुतीवर तो निर्धास्त असे. ती समजूत त्याला करून देण्यात आली होती. खेळाडूंनी आपले वेतन एकमेकांस सांगू नये अशी त्या काळची रीत होती, आणि ती रीत कोणाच्या सोयीची होती हे सांगावयास नको.

वर्षे लोटली. १० नोव्हेंबर १९६३ रोजी हाऊने आपला ५४५ वा गोल करून मॉन्ट्रिऑलच्या मोरीस रिशार याचा विक्रम मागे टाकला. सर्वाधिक गुणांचा मान त्याने सहा वेळा, लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मानही सहा वेळा आणि स्टॅन्ली करंडक चार वेळा मिळविला होता. ओळीने वीस हंगाम तो गुणांच्या यादीत पहिल्या पाचांत राहिला. १९६८-६९ च्या हंगामात, चाळिशी उलटल्यावर, त्याने एकशे तीन गुण केले. शंभराचा आकडा त्याने पूर्वी कधीही गाठला नव्हता.

त्याच हंगामाच्या सुमारास बॉब बॉन नावाचा रक्षक खेळाडू डेट्रॉइटला आला. १९६७ मध्ये लीगचे संघ सहाचे बारा झाले होते आणि खेळाडूंची नवी संघटनाही स्थापन झाली होती. त्या कामात बॉनचा पुढाकार होता. गप्पांच्या ओघात त्याने हाऊला सांगितले, की तू या संघातलाही सर्वाधिक वेतन घेणारा नाहीस. हाऊला त्या वेळी वर्षाला सुमारे ४५,००० डॉलर मिळत. बॉनला त्याहून बरेच अधिक मिळत होते, आणि आणखीही काहींना मिळत होते. दोन तपांहून अधिक काळ ज्या समजुतीवर हा मनुष्य सह्या करीत आला, ती एका संभाषणात कोसळली. हाऊने संघाचा मालक ब्रूस नॉरिस याच्याकडे १,००,००० डॉलरांची मागणी केली. नॉरिसने ती फारशी खळखळ न करता मान्य केली. इतक्या सहजपणे दुपटीहून अधिक वेतन मिळावे, याचाच अर्थ आधीच्या वर्षांत किती राहून गेले असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

१९७१ मध्ये, डेट्रॉइटच्या पंचवीस हंगामांनंतर, मनगटाच्या संधिवाताने त्रस्त होऊन हाऊने खेळ सोडला. संघाने त्याला कचेरीत उपाध्यक्षाचे पद दिले. पद मोठे, काम काहीच नाही. समारंभांत बसावयाचे, हस्तांदोलन करावयाचे. सल्ला कोणी विचारीत नसे. ज्याचे सारे आयुष्य बर्फावर गेले त्याला हे सुखासन टोचू लागले. खेळाडूच्या आयुष्यातील हा काळ फार कठीण असतो. टाळ्या थांबलेल्या असतात आणि अर्धे आयुष्य उरलेले असते.

येथून पुढे त्याच्या चरित्राला आगळे वळण लागले. १९७२ मध्ये 'वर्ल्ड हॉकी असोसिएशन' या प्रतिस्पर्धी लीगचे सामने सुरू झाले. तिच्या विनिपेग संघाने शिकागोचा नामांकित खेळाडू बॉबी हल याला दहा लाख डॉलर रोख आणि शिवाय वेतन, असा करार देऊन आपल्याकडे ओढले. जुन्या लीगने आपली हक्काची अट पुढे करून खेळाडूंना रोखण्याचा प्रयत्न केला. पण नोव्हेंबर १९७२ मध्ये फिलाडेल्फिया येथील न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याच्या आधारे ती अट लागू करण्यास मनाई केली. बाजारात दुसरा घेणारा येताच वेतने भराभर चढू लागली. खेळाडू तेच होते, त्यांचे कौशल्यही तेच होते. फरक एवढाच, की आता त्यांना दुसरीकडे जाता येत होते.

ह्यूस्टनच्या संघाने हाऊच्या मार्टी व मार्क या एकोणीस आणि अठरा वर्षांच्या मुलांना करारबद्ध केले. आणि त्यांच्याबरोबर बापालाही विचारले. जुन्या लीगमध्ये इतक्या लहान वयाच्या मुलांना तेव्हा प्रवेश नव्हता. हाऊची पत्नी कोलीन ही व्यवहारात चतुर होती. पतीला जे बोलणे जमत नसे ते तिने आपल्याकडे घेतले. करार झाला. मनगटावर शस्त्रक्रिया करवून घेऊन पंचेचाळीस वर्षांचा हाऊ १९७३ मध्ये मुलांबरोबर बर्फावर उतरला. पहिल्याच हंगामात त्याने शंभर गुण केले, तो त्या लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला आणि ह्यूस्टनने ओळीने दोन वर्षे अजिंक्यपद मिळविले. १९७९ मध्ये ही लीग बंद होऊन तिचे चार संघ जुन्या लीगमध्ये सामील झाले. त्यांतील हार्टफर्ड संघाकडून १९७९-८० च्या हंगामात हाऊ ऐंशीच्या ऐंशी सामने खेळला आणि त्याने पंधरा गोल केले. हंगाम संपता संपता त्याला बावन्न वर्षे पूर्ण झाली. नॅशनल हॉकी लीगमधील त्याची अंतिम बेरीज अशी: १,७६७ सामने, ८०१ गोल, १,८५० गुण. गुणांचा विक्रम वेन ग्रेट्झकीने १९८९ मध्ये आणि गोलांचा त्यानेच १९९४ मध्ये मागे टाकला. सामन्यांचा विक्रम मात्र २०२१ पर्यंत अबाधित होता. तो पॅट्रिक मार्लो याने मोडला.

बर्फावरची कहाणी येथे संपते, परंतु हिशेबाची कहाणी उरते. सव्वीस हंगामांच्या सेवेबद्दल हाऊला जे निवृत्तिवेतन ठरले, ते वर्षाला पंधरा हजार डॉलरांहूनही कमी होते. अनेकांची स्थिती याहून वाईट होती. लिंडसेने १९५७ मध्ये विचारलेला प्रश्न तसाच पडून होता: निधीतला पैसा कोठे जातो? माजी खेळाडू कार्ल ब्रूअर याने तो चिकाटीने पुन्हा उकरून काढला. हाऊ, हल यांच्यासह सात माजी खेळाडू ओंटारिओच्या न्यायालयात उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे, की निधीत जी शिल्लक वाढली ती खेळाडूंची. लीगने व संघांनी ती स्वतःच्या हप्त्यांची सोय म्हणून वापरली. १९९२ मध्ये न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला. १९९४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगचे अपील ऐकण्यास नकार दिला आणि चार कोटी डॉलरांहून अधिक रक्कम निवृत्त खेळाडूंच्या वाट्याला आली. १९५७ मध्ये जो हाऊ संघटनेतून बाहेर पडला होता, तोच पस्तीस वर्षांनी दावेदारांच्या यादीत होता, ही गोष्ट त्याच्या श्रेयाची आहे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. संघटना झाली म्हणजे सारे आपोआप नीट होते, असा समज होऊ नये. १९६७ च्या खेळाडू-संघटनेचा कारभार दीर्घकाळ अ‍ॅलन ईगलसन या वकिलाच्या हाती होता. तो खेळाडूंचा प्रतिनिधीही असे आणि मालकांचा स्नेहीही. १९९८ मध्ये त्याने फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि त्याला कारावासाची शिक्षा झाली. हिशेब मालकाकडे असो वा आपल्याच पुढाऱ्याकडे असो, तो उघड असावा लागतो. पुढे १९८९-९० च्या हंगामात खेळाडूंनी आपापली वेतने उघड करण्याचे मान्य केले. प्रत्येकाला आपल्या बरोबरीच्याचे मोल दिसू लागले आणि वेतने झपाट्याने वाढली. आज लीगचे बत्तीस संघ आहेत. खेळाडूचे पहिले करार नियमांनी बांधलेले असले, तरी काही वर्षांच्या सेवेनंतर त्याला स्वतःचा संघ निवडण्याचा हक्क मिळतो. हा हक्क लिंडसेच्या पिढीने मागितला तेव्हा ती कृतघ्नता ठरली होती. त्याच लिंडसेचे नाव २०१० पासून खेळाडू-संघटनेच्या सर्वोच्च पुरस्काराला दिलेले आहे. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूची निवड त्यात स्वतः खेळाडू करतात.

गॉर्डी हाऊ १० जून २०१६ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारला. ज्या विंडसर शहरातील शिबिरात त्याला डेट्रॉइटने निवडले, ते विंडसर आणि डेट्रॉइट यांच्यामधील नदीवरच्या नव्या पुलाला त्याचे नाव देण्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले होते.

श्रोतेहो, आपल्याकडेही आता खेळ हा व्यवसाय झाला आहे. क्रिकेटची व्यावसायिक लीग २००८ मध्ये आली, कबड्डीची २०१४ मध्ये. खेडोपाडीची मुले लिलावात पुकारली जातात आणि आईबाप आनंदाने पेढे वाटतात. वाटावेत. परंतु पेढे वाटण्यापूर्वी घरातील एका जाणत्या माणसाने तो करार ओळीओळीने वाचावा. त्यात मुदत किती, दुखापत झाली तर उपचार कोणाच्या खर्चाने, दुसऱ्या संघाकडे जाण्याची मोकळीक केव्हा, आणि खेळ संपल्यावर हाती काय उरेल, एवढे चार प्रश्न विचारावेत. मुलाची शाळाही चालू ठेवावी. कारण करार वाचावयास येणे हेदेखील खेळाडूच्या तयारीचेच अंग आहे. संघाचे जाकीट अंगात चढवताना कोणत्याही मुलाला धन्यच वाटणार, आणि तसे वाटण्यात काही गैर नाही. पण ज्याच्यापुढे शेकडो गोलरक्षक हतबल झाले, त्या हाऊलाही स्वतःच्या श्रमाची किंमत विचारावयास वयाची चाळिशी उलटावी लागली. आपल्या मुलांना तो प्रश्न अठराव्या वर्षीच विचारता यावा, इतके शिकविणे आपल्या हातात आहे.